गाडीच्या अँटेनाला रंग मारायचाय? मारा, पण जोड सांभाळा

गेल्या महिन्यात देवगडहून आतेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा फोन आला. दादाकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौस म्हणून वायरलेसवर बोलायचं लायसन्स आहे, जीपमध्ये दोन मीटर बँडचा (ज्याच्या लहरी साधारण दोन मीटर लांब असतात तो) सेट बसवलाय, आणि जीप डेंटिंग-पेंटिंगला टाकली होती. पेंटरनं विचारलं, एरियलचा रॉड पार गंजलाय, त्यालापण दोन हात मारून देऊ का, आणि दादा अडला. मला म्हणाला, "अरे, रंगाचा थर बसल्यावर लहरी आत येणार कशा? बंदच पडेल ना ते?" पेंटरचंही तेच म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. कारण आजकाल सगळे गाड्या मॅट ब्लॅक करतायत, कोकणात खाऱ्या वाऱ्यानं रॉड दोन पावसाळ्यांत लाल होतात, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

मी दादाला म्हटलं, रॉडला रंग मार, काही होत नाही, पण तो बेससकट रंगवू नको आणि चंदेरी रंग तर अजिबात नको. असं का, ते पुढे सांगतो.

अँटेनात नेमकं चालतं काय

अँटेना म्हणजे धातूची काडी. सेट बोलायला लागला की त्या काडीत वीज वर-खाली धावते, दादाच्या सेटवर एका सेकंदात साधारण १४ कोटी ५० लाख वेळा, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झ. तिच्या त्या धावण्यानं भोवती लहर उठते आणि दूर जाते. ऐकताना याच्या उलट, लहर येऊन काडीतली वीज हलवते.

आता ही काडी कितीही लांबीची असून चालत नाही. तंबोऱ्याची तार आठवा. तारेची लांबी, जाडी, ताण यावर तिचा सूर ठरतो, तसा काडीच्या लांबीवर अँटेनाचा सूर ठरतो. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटर लांब असते, तिचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण ५२ सेंटिमीटर, आणि प्रत्यक्षात काडी त्याहून थोडी आखूड, ४९ च्या आसपास कापावी लागते. ही झाली पाव-लहरीची अँटेना, गाडीवरची सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची.

पण नुसती काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. काडीतली वीज ज्याच्यावर पाय रोवून उडी मारते ती जमीन म्हणजे तो टप किंवा बॉनेट. हे बऱ्याच लोकांच्या लक्षातच नसतं, आणि रंगाच्या भानगडीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

अजून एक गोष्ट, इतक्या वेगानं उलटसुलट धावणारी वीज धातूच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जाते. तांब्याची काडी घेतली तर १४५ मेगाहर्ट्झला ही कातडी जेमतेम साडेपाच मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले साडेपाच. माणसाचा केस याच्या दहापट जाड असतो. म्हणून गंज वाईट. गंज ज्या कातडीवरून वीज जायची तीच खातो, बेसच्या जोडात शिरला तर आणखीच वाईट.

मग रंगाच्या आडून लहर जाते कशी

घरात बसून रेडिओ ऐकता ना? भिंतीला प्लास्टर असतं, वर ऑइल पेंट असतो, तरी स्टेशन लागतं. मोबाइलला प्लास्टिकचं कव्हर असतं, वर खिसा, तरी फोन येतो. तोच मोबाइल स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये चारही बाजूंनी घट्ट गुंडाळून बघा, फोन लागायची मारामार होईल. लहरीला अडवतो तो धातू, म्हणजे ज्यातून वीज वाहते तो पदार्थ. ज्यातून वीज वाहत नाही तो पातळ असला तर लहर त्याच्याकडे जवळजवळ बघतही नाही.

आणि वाळलेला रंग म्हणजे काय, तर चिकटवणारं रेझिन, त्यात रंगाची पूड, आणि थिनर उडून गेल्यावर उरलेली प्लास्टिकसारखी पातळ साल. पंख्याच्या मोटरच्या गुंडाळीतली तांब्याची तार बघितली असेल, वर वार्निशचा थर असतो. ती तार घेऊन कित्येक हॅमवाल्यांनी अँटेना बांधल्यात आणि त्या झकास चालतात. सैन्याच्या गाड्यांवरचे ते उंच रॉड बघा, कारखान्यातूनच हिरवे रंगवून येतात. रंगानं रेंज जात असती तर सैन्यानं ते केलं असतं का?

पण थोडा तरी फरक पडतोच ना?

पडतो. तंबोऱ्याच्या तारेवर तेल-धुळीचं पुट चढलं की ती जड होते आणि सूर किंचित उतरतो, तसंच इथे होतं. रंगाची साल विजेला अडवत नाही पण काडीलगतच्या लहरीला जरा संथ करते, त्यामुळे काडी आहे त्याहून थोडी लांब असल्यासारखी वागते.

किती? जाड पीव्हीसीचं आवरण असलेली वायर अँटेनाला वापरली तर ती साधारण २ ते ४ टक्के आखूड कापावी लागते, हा हॅमवाल्यांचा जुना अनुभव. रंग त्याहून खूप पातळ. स्प्रेचा एक हात साधारण २५ मायक्रॉनच्या आसपास, चार हात मारले तरी शंभर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. ३ मिलिमीटर जाडीच्या काडीवर एवढा थर चढवला तर माझ्या हिशोबानं सूर अर्ध्या टक्क्याच्या आत उतरतो. १४५ मेगाहर्ट्झला अर्धा मेगाहर्ट्झ वगैरे. आपला दोन मीटर बँड १४४ ते १४६ असा दोन मेगाहर्ट्झचा आहे आणि पाव-लहरीची काडी तो आरामात झेपवते, त्यामुळे हा फरक मीटरवर दिसेल, कानाला कळणार नाही. अगदीच मनाला टोचत असेल तर टोकाकडून २ मिलिमीटर घासून टाका, सूर जागेवर.

गाडीच्या साध्या एफएम रेडिओला तर याचीही फिकीर नाही. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची पाव-लहर पाऊण मीटरच्या आसपास जाते, आणि आजच्या गाड्यांवरची काडी त्यापेक्षा खूपच आखूड असते, ती मुळात सुरात नसतेच, बेसमधला छोटा ॲम्प्लिफायर तिची कसर भरून काढतो.

घात होतो तो जोडात

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी माझी गाडी एका गॅरेजात रंगवून घेतली, अँटेनासकट. रंगवायच्या आधी एसडब्ल्यूआर १.३ होता. (एसडब्ल्यूआर म्हणजे आपण अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत फिरते ते सांगणारा आकडा. १ म्हणजे काहीच परत येत नाही, २ म्हणजे ११ टक्के परत, ३ म्हणजे चक्क २५ टक्के.) घरी येऊन मीटर लावला तर आकडा ३ च्या वर. मला वाटलं झालं, रंगानं वाट लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि टोकापासून बुडापर्यंत सगळा रॉड घासून पांढरा केला, दोन तास गेले, पुन्हा मीटर लावला, आकडा होता तिथेच. एवढं मात्र त्या दिवशी कायमचं कळलं, रॉडवरचा रंग गुन्हेगार नव्हता.

मग एक गोष्ट लक्षात आली, केबलला हात लावला की मीटरचा आकडा हलायचा. हे लक्षण ध्यानात ठेवा. अँटेनाची जमीन सुटलेली असली की वीज दुसरी वाट शोधते आणि केबलच्या बाहेरच्या जाळीवरून माघारी धावते, मग केबलच अँटेनाचा भाग होऊन बसते आणि हात लावला की सूर बदलतो. ब्रॅकेट सोडवला. बॉनेटच्या कडेला पकडणारा तो ब्रॅकेट छोट्या स्क्रूंनी पत्र्यात दात रोवून बसतो, आणि त्या दातांनी जुना रंग खरवडून जो उघडा धातू केला होता त्यावर पेंटरनं प्रायमर आणि रंगाचे सुंदर गुळगुळीत हात मारले होते, वर ब्रॅकेट हलक्या हातानं लावला होता, रंग खराब होऊ नये म्हणून. त्याच्या बाजूनं त्यानं काळजीच घेतली होती. शिवाय रॉडच्या बुडाच्या आट्यांमध्ये रंग भरलेला. स्क्रूखालचा रंग खरवडला, आटे थिनरनं आणि तारेच्या ब्रशनं साफ केले, आवळलं, आकडा १.३.

बुडाशीच इतकं का बिघडतं यालाही कारण आहे. पाव-लहरीच्या काडीत विजेचा प्रवाह बुडाशी सगळ्यात जास्त आणि टोकाला शून्य असतो. बुडाशी ही अँटेना साधारण ३६ ओहमचा भार दाखवते (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). समजा जोडात गंजानं ४ ओहमचा अडथळा आला, तर दहातला एक हिस्सा शक्ती तिथेच ऊब होऊन जाते. तारेवर पुट चढलं तर सूर किंचित उतरतो, पण खुंटीच सैल असेल तर तंबोरा लागतच नाही, त्यातला प्रकार.

"पण चुंबकाची अँटेना तर रंगावरच बसते की!"

हा आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि मला तो फार आवडतो कारण याचं उत्तर समजलं की सगळंच समजतं. चुंबकी बेस टपावर ठेवतात, खाली रंग असतो, धातूला धातू लागतच नाही, तरी चालतं. कसं? बेसची मोठी तबकडी आणि टपाचा पत्रा, मधे रंगाची पातळ साल, म्हणजे कपॅसिटर झाला. कपॅसिटरमधून संथ वीज जात नाही, वेगानं उलटसुलट होणारी जाते, आणि जितका वेग जास्त तितकी सोपी. १० सेंटिमीटर व्यासाची तबकडी आणि मधे पाव मिलिमीटरपेक्षा कमी अंतर धरलं तर १४५ मेगाहर्ट्झला अडथळा जेमतेम एक ओहमच्या घरात येतो, म्हणजे नसल्यातच जमा. तीच तबकडी ७ मेगाहर्ट्झच्या सेटला लावली तर अडथळा वीस-बावीस ओहम होतो, आणि तिथल्या गाडीवरच्या आखूड अँटेनाचा स्वतःचा भार ३६ ओहमच्या खूप खाली असतो, तिला तो भारी पडतो. म्हणून लांब लहरींच्या सेटवाले पत्र्याला जाड वेणीदार पट्टीनं अर्थिंग करतात.

माझ्या ब्रॅकेटचं तसं का नाही झालं? कारण त्याच्याकडे तबकडी नव्हती, चार स्क्रूंची टोकं होती. एवढ्याशा टोकांमध्ये आणि पत्र्यामध्ये कपॅसिटर होऊन होऊन किती होणार.

कुठला रंग चालतो, कुठला नाही

साधा सिंथेटिक इनॅमल, ॲक्रिलिक स्प्रे, पीयू (पॉलियुरेथेन), रेड ऑक्साइड प्रायमर, सगळं चालतं. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा ऑक्साइडच, वीज वाहून नेत नाही.

जपायचं ते धातूची पूड असलेल्या रंगांना. आपल्याकडे गेटला, पत्र्याला, खांबांना जो चंदेरी रंग मारतात त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. प्रत्येक चकतीभोवती वार्निश असतं म्हणून मल्टिमीटर लावला तर वीज वाहताना दिसणार नाही, पण चकत्या एकावर एक खवल्यांसारख्या बसतात आणि वेगवान लहरींना तो थर साध्या रंगापेक्षा बराच जड जातो. दुसरा प्रकार झिंक-रिच प्रायमर, गंज रोखायला लोखंडाला मारतात तो. त्यात जस्ताची पूड इतकी खच्चून असते की वाळल्यावर वीज वाहते. तिसरा, कार्बन भरलेला प्रायमर, प्लास्टिकचे बंपर रंगवायच्या आधी काही ठिकाणी मारतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या काळ्या स्प्रेमध्येही काजळीच असते पण सहसा इतकी थोडी की त्रास होत नाही, मी स्वतः काळा मारलाय.

इथे एक बारकावा आहे. असा धातूचा रंग उघड्या स्टीलच्या रॉडवर पडला तर फारसं बिघडत नाही, धातूवर धातू, काडी केसभर जाड झाली एवढंच. खरा धोका आहे तो हा रंग बुडाच्या काळ्या रबरी किंवा प्लास्टिकच्या भागावरून खाली बेसपर्यंत ओघळला तर. तो भाग काडीला पत्र्यापासून वेगळं ठेवायलाच असतो, त्यावरून वीज वाहणारा पट्टा गेला की काडीतली वीज वर चढायच्या आधीच खाली उतरते. दुसरा धोका फायबरग्लासच्या काठीला. तिच्यात तार आत असते, बाहेरून वीज वाहणारा रंग मारला म्हणजे तारेला फॉइलमध्येच गुंडाळली. तिसरा कॉइलला. काही रॉडच्या मध्यावर किंवा बुडाशी गुंडाळी असते, तिथला सूर फार नाजूक असतो, साधा रंगदेखील वेढ्यांच्या मधे साचला तर सूर हलतो. कॉइल झाकूनच ठेवा.

आणि ओढून लांब करायचा टेलिस्कोपिक रॉड असेल तर त्याला रंग नकोच. त्याच्या नळ्या एकमेकींना घासूनच जोडलेल्या असतात, रंग मधे गेला की एक तर रॉड अडकेल नाहीतर जोड तुटेल.

शार्क फिन, जीपीएस आणि बंपरमागचं रडार

टपावरचं ते माशाच्या परासारखं काळं झाकण प्लास्टिकचं असतं, अँटेना आत. जीपीएसची लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची, लांबी १९ सेंटिमीटर, तिच्यापुढे रंगाचा थर काहीच नाही. कंपन्या स्वतः बॉडीच्या रंगात रंगवून देतात, मेटॅलिकमध्येसुद्धा, पातळ थर असतो म्हणून चालतं. नको आहे ते खरा धातू असलेलं क्रोम किंवा खऱ्या कार्बन फायबरचं कव्हर, कारण कार्बन फायबरमधून वीज वाहते. कार्बनसारखी नुसती नक्षी छापलेलं प्लास्टिकचं स्टिकर मात्र चालतं. फास्टॅगचंही असंच, तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म लावली की टोलवर वाचायला त्रास देतो.

पण जसजशी लहर आखूड होते तसतसा तोच रंग जाड होत जातो, हे लक्षात घ्या. नव्या गाड्यांत पुढची गाडी जवळ आली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, तिचं रडार बहुतेक गाड्यांत ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. तिथे लहर जेमतेम ४ मिलिमीटरची. दोन मीटरच्या लहरीपुढे मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हणजे नगण्य, पण ४ मिलिमीटरपुढे नाही. त्यात लांबी (पुट्टी) भरून वर मेटॅलिक मारला तर रडारची लहर त्यातून जाता-येता कमी होते, वाकडीही होऊ शकते, आणि समोरचं वाहन आहे तिथे न दिसता बाजूला दिसू शकतं. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या दुरुस्तीच्या सूचनांत रडारसमोरच्या भागात लांबी भरायला मनाई असते किंवा रंगाच्या जाडीला मर्यादा असते. रेडिओच्या रॉडवर चुकलं तर खरखर ऐकू येते, इथे चुकलं तर ब्रेक चुकीच्या वेळी लागतो किंवा लागत नाही. बंपर रंगवायला देताना मागे रडार आहे हे पेंटरला आवर्जून सांगा.

दादाला सांगितलं ते असं

सगळ्यात आधी, रंगवायच्या आधीचा एसडब्ल्यूआर बँडच्या तीन जागी, दोन्ही टोकं आणि मध्य, कागदावर लिहून ठेव, नाहीतर नंतर खरंच बिघडलंय की नुसतं तसं वाटतंय हे कळणार कसं. मग रॉड बेसवरून काढ. गाडीवर ठेवून रंगवू नको, मास्किंग टेपखालून रंग झिरपतोच. बुडाचे आटे आणि जिथे रॉड बेसला टेकतो ती जागा टेपनं गुंडाळ, आधी थोडं व्हॅसलीन लावलंस तर आणखी बरं, पण ते रंग बसायच्या जागेवर येऊ देऊ नको. सगळा गंज चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं काढ, गंजावर रंग मारणं म्हणजे गंजाला घर बांधून देणं. थिनरच्या फडक्यानं पूस, प्रायमरचा एक पातळ हात, रंगाचे दोन पातळ हात. रॉड टांगून रंगव पण टोक वर ठेव, टोकाशी विजेचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि थराचा परिणामही तिथेच जास्त, म्हणून तिथे थेंब साचायला नको. दोन दिवस उन्हात वाळू दे, ओल्या रंगावर मोजमाप करू नको, थिनर उडेपर्यंत आकडा खरा नसतो.

ब्रॅकेटखालचा पत्रा स्क्रू टेकतात तेवढाच खरवड, लावून घट्ट आवळ, मग मल्टिमीटरची एक काडी ब्रॅकेटवर आणि एक बॉनेटच्या उघड्या बोल्टवर, शून्याच्या जवळ आलं पाहिजे. आणि हे झाल्यावर बाहेरून त्या खरवडलेल्या कडेला ग्रीस लाव, कारण देवगडची हवा उघडा पत्रा आठ दिवसांत खाते.

दादाला रॉड हिरवा हवा होता, सैन्यासारखा. रॉडपुरतं ठीक आहे म्हटलं, पण गाडी हिरवी करायचं मनात असेल तर ते सोड, ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे. शेवटी त्यानं मॅट काळाच मारला.

परवा त्याचा आकडा आला. आधी मध्यावर १.४ होता, आता १.२. रंगानं नाही सुधारला, आटे साफ केल्यानं सुधारला, कितीतरी वर्षांचा हिरवट थर त्यात बसला होता. फक्त बँडच्या वरच्या टोकाला आकडा आधीपेक्षा जरासा जास्त येतोय, तो रंगाचा उतरलेला सूर. रॉड २ मिलिमीटर घासू का विचारत होता. मी म्हटलं आत्ता नको, पावसाळा जाऊ दे, पाण्यानं बेस भिजून-सुकून झाला की परत मोज आणि मग ठरव, कापलेली काडी परत वाढत नाही.